शमीने राखलेलं नाव

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली जंबूसवारी सुमारे पाच किलोमीटर चालून बन्नीमंटपाला पोचते. कानडीतली बन्नी म्हणजे आपली शमी, पांडवांनी शस्त्रं लपवली ती. (खैराच्या जातकुळीतल्या आणखी एका झाडालाही तिकडे बन्नीच म्हणतात. लोकांच्या वर्गीकरणाला असा घोळ चालतो.) राजा वोडेयरांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणात दसरा सुरू केला, तेव्हाही ती बन्नीच होती. नावं बदलली ती वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वह्यांत.

१७५९ मध्ये लिनियसने शमीला मिमोसा सिनेरारिया म्हटलं, म्हणजे लाजाळूच्या घरात बसवलं. १७६७ मध्ये त्यानेच तिला प्रोसोपिस स्पायसिजेरा हे नवं नाव दिलं. एकाच झाडाचं आपण दोनदा बारसं केलं, हे त्या थोर माणसाच्या लक्षात आलं नसावं! जुन्या नावाचा मान ठेवून १९१४ मध्ये ड्रूसने दोन्हींचा मेळ घातला: प्रोसोपिस सिनेरारिया.

मधल्या काळात प्रोसोपिसचं कुटुंब फुगत गेलं. अमेरिकेतली डझनावारी झाडं त्यात आली. त्यांतलीच एक एकोणिसाव्या शतकात माणसाने भारतात आणली, ती आपली वेडी बाभूळ. गुरं-शेळ्या तिच्या गोड शेंगा खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी लांबवर पेरतात. कच्छमधल्या गवताळ प्रदेशात ती माजली. योगायोग असा, की त्या प्रदेशाचं नावही बन्नी. गुजरातीतही ती ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडीच.

शमी आणि वेडी बाभूळ सख्ख्या बहिणी नाहीत, हा संशय जुना. शमीचे काटे दोन पानांच्या मधल्या जागेत विखुरलेले, वेड्या बाभळीचे पानाच्या बेचक्यात. खंडं, समुद्र, वाळवंटं आड आली की दुरावलेल्या झाडांचा संकर थांबतो आणि लाखो वर्षांत त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. वरवरचा सारखेपणा मात्र फसवतो. २०२२ मध्ये जनुकांच्या पुराव्यावर प्रोसोपिसची चार घरं झाली. वेडी बाभूळ नेल्टुमात गेली. राफिनेस्कने १८३८ मध्येच तिला हे नाव दिलं होतं, पण नावं वाटत सुटलेल्या त्या गृहस्थाला तेव्हा फारसं कुणी मोजलं नाही.

प्रोसोपिस हे मूळ नाव शमीकडेच राहिलं. जातींचा गट फुटला, की ज्या जातीवरून नाव पडलं तिच्याकडे ते जातं, असा नियम आहे. तो बाभळीच्या वाट्याला आला नाही. २००५ च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसने बाभळीच्या घराची, म्हणजे अकेशियाची नमुना-जातच बदलली, नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली. माझ्या मते तो अन्यायच.

शमीच्या घरात आता तीनच जाती उरल्या आहेत. येत्या दसऱ्याला पूजेच्या फांदीचे काटे नीट पाहा; ते पानाच्या बेचक्यात असतील, तर ती शमी नव्हे.