इस्पितळाची भीती
साथी आणि समाज : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात आपण मांडवीपर्यंत आलो होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये धान्याच्या वखारींच्या त्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेगच आहे असे मुंबई महापालिकेला निक्षून सांगितले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी मुंबईचे गिरणी कामगार एका इस्पितळावर चालून गेले. माणसे पटापट मरत असताना लोकांचा राग रोग बरा करण्याच्या जागेवरच का निघाला, हे आज पाहायचे आहे.

महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबरला नोटीस काढली. प्लेगच्या रोग्याला घरातून उचलून इस्पितळात न्यायचा आणि त्याचे घर धुऊन काढायचा अधिकार आरोग्यखात्याला मिळाला. रोग्याला किंवा घरच्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. रोगी नेले जात ते आर्थर रोडच्या इस्पितळात, म्हणजे गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. मार्च २०२० मध्ये मुंबईतले करोनाचे पहिले रोगी इथेच दाखल झाले. १८९६ मध्ये इथली व्यवस्था डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी या पारशी डॉक्टरांकडे होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडले ते गोऱ्या डॉक्टरांविरुद्धचे बंड होते अशी सोयीची समजूत करून घेता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये आधी धमक्या झाल्या, आणि २९ तारखेला सुमारे हजार कामगार इस्पितळात घुसले, मोडतोड झाली. स्नो यांनी लगेच माघार घेतली आणि ज्यांच्या घरी वेगळे ठेवण्याची सोय आहे त्यांना सवलत दिली. त्यांनी त्यामागे दिलेले कारण मला फार बोलके वाटते. घबराट अशीच वाढली तर शहरातले हलालखोर, म्हणजे मैला वाहणारे आणि झाडलोट करणारे सफाई कामगार, मुंबई सोडून जातील. आणि ते गेले तर हे शहर राहण्याजोगे उरणार नाही, ही त्यांची भीती होती. ज्यांना एरवी कोणी मोजत नव्हते त्यांच्या पायांवर सगळे शहर उभे आहे, हे आयुक्तांना त्या आठवड्यात उमगले.

सरकारी अहवालांनी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी या हल्ल्याचे खापर अडाणीपणावर फोडले, आणि अफवा तर होत्याच. त्याच महिन्यात मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते. राणीचा कोप झाला आहे, तिला आता माणसांची काळजे हवी आहेत आणि त्यासाठीच इस्पितळात माणसे नेतात, असे लोक बोलत होते. रोग्याला विष देतात, त्याच्या शरीरातून तेल काढतात, असेही बोलले जाई.

पण या अफवा चाळीच्या खोलीत बसून ऐकल्या पाहिजेत. रत्नागिरीहून किंवा घाटावरून आलेले चारसहा जण एका खोलीत राहतात, एकत्र जेवतात. त्यातल्या एकाला ताप भरतो, जांघेत गाठ येते. गाडी येते, शिपाई येतात, त्याला घेऊन जातात. त्यानंतर त्याची काहीच खबर नाही. तो काय खातो, कोणाच्या हातचे पाणी पितो, रात्री पाणी मागितले तर कोण देते, हे कोणी सांगत नाही. मग एक दिवस निरोप येतो, आणि बऱ्याचदा तो क्रियाकर्म उरकल्यावरच येतो. प्लेगच्या गाठीवर तेव्हा औषध नव्हते. घरचे लोक रोग्याला शेवटपर्यंत लपवून ठेवत, त्यामुळे इस्पितळात पोहोचणारा मरायलाच टेकलेला असे आणि तिथे जाणारे बहुतेक जण मरत. हे पाहून इतर लोक आपली माणसे आणखी लपवत. गेलेला माणूस परत येत नाही, हा लोकांचा अनुभव खरा होता. का येत नाही, याचे उत्तर कोणी देत नव्हते म्हणून अफवा ते उत्तर देत होती. याला अडाणीपणा म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

स्नो यांची माघार टिकली नाही, कारण प्रश्न मुंबईच्या हातात राहिला नव्हता. प्लेग जहाजांतून बाहेर जाईल या भीतीने युरोपातली बंदरे हिंदुस्थानच्या मालाकडे संशयाने पाहू लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरायची होती. आपण कडक उपाय योजतो आहोत हे सरकारला जगाला दाखवायचे होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला हवा तो उपाय योजण्याची मुभा दिली, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आणि अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण दिले. रोग्याला काय मिळेल, याविषयी त्यात एक शब्द नाही. तोवर मुंबईची जवळपास निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. कोकणच्या बोटी भरभरून गेल्या, आगगाड्या भरून गेल्या, आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला.

पुण्याची हकीकत मराठी वाचकाला सांगायला नको. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड फेब्रुवारीत पुण्यात आले, १३ मार्चपासून १९ मेपर्यंत सोजिरांकडून, म्हणजे गोऱ्या सैनिकांकडून, घरतपासणी झाली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या गोळ्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. त्याआधीच्या दोन महिन्यांत काय चालले होते, त्याकडे मात्र आपण नीट पाहत नाही. सोजीर देवघरात आणि माजघरात शिरत. काख आणि जांघ दाबून गाठ पाहायची, तीही कधी कधी चारचौघांत आणि बायकांचीसुद्धा. रोगी संगमाजवळच्या इस्पितळात, घरचे सगळे सेग्रिगेशन कँपात आणि घरातल्या वस्तू आगीत. परत आल्यावर काय शिल्लक असेल याचा भरवसा नाही. आपले उपाय फार कडक होते हे खुद्द रँड यांच्या अहवालातही लपवलेले नाही. पंडिता रमाबाई या काही सनातनी पुण्याच्या बाजूच्या नव्हत्या आणि सरकारच्या वैरीही नव्हत्या. तरीही आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे या व्यवस्थेत काय झाले याची जाहीर तक्रार त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून केली. विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बायकांवरच्या अत्याचाराचे आरोप तिथे मांडले, आणि पुरावा देता न आल्याने परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनी नाव घेऊन पुढे यावे, ही अपेक्षा त्या काळच्या बायकांकडून कशी पुरी होणार होती?

आता दुसरी बाजू. लोक जर इस्पितळ या गोष्टीलाच घाबरत असते, तर त्याच शहरांत लोकांनी स्वतः इस्पितळे काढली नसती. मार्च १८९७ मध्ये मुंबईची प्लेग समिती ब्रिगेडियर जनरल गटेकर यांच्याकडे आली. तेही लष्करी माणूस आणि घरतपासणी त्यांनीही चालवली. पण त्यांनी जातीजमातींच्या पुढाऱ्यांना बोलावून तुमचे इस्पितळ तुम्ही काढा असे सांगितले. पारशी, खोजा, मेमन, जैन, भाटिया अशी एकामागून एक इस्पितळे उभी राहिली. पुण्यात टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग इस्पितळ काढले, मुसलमानांचे वेगळे निघाले. औषधोपचार सगळीकडे सारखेच, कारण मुळात औषध नव्हतेच. तरी इथे लोक आपला माणूस आणून घालत. स्वयंपाक ओळखीच्या हातचा असे, नातेवाईक येऊन बसू शकत, मेल्यावर आपल्या रीतीने नेता येई. भिंतीआडचे दिसत होते, म्हणून लोकांना विश्वास वाटत होता.

अर्थात या सोयीला जातीची कुंपणे होती. ज्यांच्या जमातीत शेटिये होते त्यांना इस्पितळ मिळाले. एकटा आलेला खेडूत, गोदीतला हमाल, अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली माणसे यांच्यासाठी सरकारी इस्पितळच उरले. या कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या एका कामाची आठवण इथे काढलीच पाहिजे. पुण्याजवळ ससाणे मळ्यावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. तिथे रोगी आणायला सोजीर लागत नव्हते. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या गायकवाडांच्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणले, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तीनच दिवसांनी पुण्यात घरतपासणी सुरू झाली. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. त्या एका पानावर यायला हव्यात.

त्या काळच्या विज्ञानावर अन्याय करायचा नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. रोगी बाजूला काढला की साथ थांबेल, असे डॉक्टरांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण गाठीचा प्लेग बहुतांशी माणसाकडून माणसाला होत नाही. मेलेल्या उंदराच्या अंगावरून उठलेल्या पिसवा माणसाला चावतात आणि रोग देतात. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने हे कराचीत १८९८ मध्ये प्रयोग करून दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी जवळपास दशक गेले. म्हणजे फिनेल ओतून, गटारे धुऊन, घरे खणून उंदरांना एका घरातून दुसऱ्या घरात पळवले गेले, आणि माणसांना मात्र कोंडले गेले.

याउलट खेड्यापाड्यांत लोक आपल्या बुद्धीने काय करत होते? उंदीर मरायला लागले की गाव उठायचे. माळावर, शेतात झोपड्या घालून आठवडेच्या आठवडे तिथे राहायचे आणि घरे उघडी टाकायची. मराठी घराघरांत आजी-पणजीच्या तोंडून या झोपड्यांच्या आठवणी आलेल्या आहेत. उंदीर आणि पिसवांपासून दूर जाणे हाच तेव्हाचा सर्वांत परिणामकारक उपाय होता. पुढे सरकारनेही गावे उठवून माळावर वसवण्याला पाठिंबा दिला. लोकांचे शहाणपण बरोबर होते हे कळायला मधली वर्षे गेली, आणि त्या वर्षांत लाखो माणसे गेली.

सक्तीचा शेवट मुंबईतच झाला. गटेकर यांच्यानंतर प्लेग समिती सर जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे आली. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर संपादणारे ते हेच. इथल्या जातीजमाती, सणवार आणि चालीरीती त्यांच्याइतक्या जाणणारा दुसरा इंग्रज अधिकारी क्वचितच असेल. तरी ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या घरात एका आजारी मुलीला तपासायला पथक गेले आणि दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसे मेली, दोन गोरे शिपाई मारले गेले, इस्पितळांवर हल्ले झाले आणि गोदीतल्या कामगारांनी काम बंद ठेवले. बंदर थांबले तेव्हा सरकारही थांबले. घरतपासणी सैल झाली आणि पुढच्या काळात सक्तीपेक्षा समजुतीवर भर आला. प्लेग मात्र गेला नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. सक्तीने तो हटला नव्हता आणि सक्ती गेल्याने तो उफाळलाही नाही, कारण त्याचा मार्गच वेगळा होता.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने करोनासाठी हाती घेतला तो हाच १८९७ चा कायदा. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा २२ एप्रिलला केंद्राने अध्यादेश काढून त्यात दुरुस्ती केली. गंभीर दुखापत करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठेवली. डॉक्टरवर हात उचलणे अक्षम्य आहे आणि त्याला शिक्षा हवीच. पण या दुरुस्तीतही रोग्याच्या नातेवाइकाला रोज खबर देण्याचे बंधन कोणावर नाही. आपला माणूस आत कसा आहे हे कळत नाही, फोन लागत नाही, मृतदेह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून येतो, ही तगमग त्या दिवसांत कितीतरी घरांनी भोगली. त्यात भर पडली बिलांची, जी १८९६ मध्ये नव्हती. २१ मे २०२० च्या आदेशाने राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डचे दिवसाला चार हजार, अतिदक्षता विभागाचे साडेसात हजार आणि व्हेंटिलेटर लागला तर नऊ हजार रुपये. लोकांची ओरड कानावर गेली म्हणून हे झाले, आणि ते चांगले झाले.

धारावीत पहिला रोगी १ एप्रिलला सापडला तेव्हा मला आर्थर रोडची आठवण येऊन भीती वाटली होती. तिथे पालिकेने गल्लीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले. ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षे ताप-खोकल्याला जात होते, तेच पीपीई किट घालून दारात आले. विलगीकरण वस्तीजवळच्या शाळांत, सभागृहांत झाले. जुलैपर्यंत तिथली साथ आटोक्यात आली. यात इतर कारणेही असतील, पण दार ठोठावणारा माणूस ओळखीचा होता, हे कारण मी वरचे मानतो.

इस्पितळापाठोपाठ लोकांच्या दारात सुई आली. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ती टोचून घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. या दोन तारखांच्या मधली गोष्ट पुढच्या आठवड्यात.