नदी नासवणारा जिवाणू, तांबे मिळवून देणारा जिवाणू

स्पेनच्या नैर्ऋत्येला ह्युएल्वा प्रांतातून रिओ टिंटो ही सुमारे 100 किलोमीटर लांबीची नदी वाहते. तिचे पाणी गडद तांबडे आणि जवळजवळ लिंबाच्या रसाइतके आम्लधर्मी असते. त्यात मासे जगत नाहीत. उगमाकडच्या डोंगरांत लोखंड, तांबे आणि गंधक यांची एकमेकांत मिसळलेली खनिजे आहेत आणि तिथले खाणकाम सुमारे 5,000 वर्षे जुने आहे. खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यात तांबे विरघळलेले असते, हे तिथल्या लोकांना पूर्वीपासून माहीत होते. त्या पाण्यात भंगार लोखंड टाकले की लोखंड विरघळते आणि तांबे खाली बसते, या सोप्या रसायनावर त्यांनी तांबे मिळवलेही. मात्र दगडातले तांबे पाण्यात उतरते कसे, हे कोडेच होते.

त्याचा उलगडा झाला अमेरिकेत, तोही तांब्याच्या नव्हे तर कोळशाच्या खाणीत. वेस्ट व्हर्जिनियामधील कोळसा खाणींतून बाहेर पडणारे आंबट पाणी ओढे-नाले नासवत होते. आर्थर कोल्मर आणि एम. ई. हिंकल या संशोधकांनी 1947 मध्ये दाखवून दिले की, या आम्लामागे पाण्यातील जिवाणूंचा हात आहे. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जिवाणूचे आजचे नाव ‘अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स’. याला ना सूर्यप्रकाश लागतो, ना कुजलेले अन्न. शरीर घडवण्यासाठी लागणारा कार्बन तो हवेतून घेतो आणि ऊर्जा मिळवतो लोखंड व गंधकापासून.

हा जिवाणू तांबे ‘खातो’ असे अनेकदा म्हटले जाते, ते खरे नाही. त्याचे काम वेगळे आहे. पाण्यातले लोखंड दोन रूपांत असते, फेरस आणि फेरिक. जिवाणू फेरसचे फेरिक करतो. हे फेरिक लोखंड गंधकयुक्त खनिजावर हल्ला चढवून तांबे मोकळे करते आणि त्या झटापटीत स्वतः पुन्हा फेरस होते. जिवाणू लगेच त्याचे फेरिक करतो आणि चक्र चालू राहते. आम्लात, नुसत्या हवेच्या बळावर हे रूपांतर अतिशय मंद असते. जिवाणूंमुळे ते कित्येक लाख पटींनी वेगवान होते. गंधकाचे शेवटी सल्फ्युरिक आम्ल बनते. नदीच्या दृष्टीने ते विष. खाण-अभियंत्याच्या दृष्टीने फुकटचे रसायन.

याच प्रक्रियेचा आता जाणीवपूर्वक वापर होतो. चिलीत, अँडीज पर्वतात 4,000 मीटरपेक्षा जास्त उंचीवर असलेल्या केब्राडा ब्लांका खाणीत 1990च्या दशकात या पद्धतीने तांबे काढले गेले. जमिनीवर जाड प्लास्टिकचे अस्तर टाकायचे, त्यावर फोडलेल्या खनिजाचा ढीग रचायचा, ठिबक सिंचनासारख्या नळ्यांनी वरून सौम्य आम्ल सोडायचे आणि खालून हवा द्यायची. काही महिन्यांत तांबेयुक्त द्राव तळाशी गोळा होतो. त्यातून विजेच्या साह्याने शुद्ध तांब्याचे पत्रे मिळतात. भट्टी नाही, त्यामुळे सल्फर डायऑक्साइडचा धूरही नाही. शिवाय भट्टीला न परवडणारे हलक्या प्रतीचे खनिजही उपयोगी पडते.

सोन्याच्या बाबतीत हा फायदा आणखी स्पष्ट दिसतो. काही खनिजांत सोन्याचे कण लोखंड, गंधक आणि आर्सेनिकच्या कवचात अडकलेले असतात. असे खनिज भाजले तर आर्सेनिकचे विषारी धूर निघतात. दक्षिण आफ्रिकेतील फेअरव्ह्यू खाणीत 1986 पासून हे कवच मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणूंकडून फोडून घेतले जाते. आर्सेनिक हवेत न जाता लोखंडाबरोबर घन स्वरूपात बांधले जाते. सोने मात्र त्यानंतर सायनाइडनेच विरघळवावे लागते. जिवाणू फक्त दार उघडून देतो.

म्हणून ही पद्धत आपोआप ‘हरित’ ठरते का? फिनलंडमधल्या तालविवारा खाणीचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे निकेलसाठी असेच ढीग रचले होते. रासायनिक क्रियेच्या उष्णतेमुळे कडाक्याच्या थंडीतही ते काम करत राहिले. पण नोव्हेंबर 2012 मध्ये सांडपाण्याचा तलाव गळला आणि निकेल व युरेनियम असलेले पाणी परिसरात गेले. पुढे 2014 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दोष जिवाणूंचा नव्हता. आपण कारखान्यात आहोत की ओढ्यात, हे त्यांना कळत नाही. ती हद्द आखायची असते माणसाने.

आपल्याकडे गोंदियाच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी तांब्याची खाण आहे. तिथल्या हलक्या प्रतीच्या खनिजावर भुवनेश्वरच्या खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी जिवाणूंचे प्रयोग केले आहेत. अडचण अशी की, तिथले मुख्य खनिज चालकोपायराइट हे चिवट. विरघळता विरघळता त्याच्यावर एक थर साचतो आणि क्रिया मंदावते.

दुसरी ‘खाण’ आपल्या घरातच आहे. 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम 22 टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. चांगल्या प्रतीच्या एक टन सर्किट बोर्डांत शंभर ग्रॅमपेक्षा जास्त सोने सापडू शकते, तर सोन्याच्या अनेक खाणींत टनामागे काही ग्रॅमच मिळते. आज मुरादाबादसारख्या ठिकाणी हे बोर्ड उघड्यावर जाळून आणि तीव्र आम्लात बुडवून धातू काढले जातात. शिसे कामगारांच्या आणि मुलांच्या शरीरात जाते, राख रामगंगेच्या काठावर पडते. मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाचे कुठलेच प्रमाण सुरक्षित मानले जात नाही.

बोर्डांवरही जिवाणू चालतात. लोखंडावर जगणारे तांबे विरघळवतात, तर ‘क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम’ स्वतः थोडे सायनाइड तयार करून सोने सोडवतो. पण बोर्डांत त्यांच्या खाण्याजोगे गंधक नसते, ते वेगळे पुरवावे लागते. काही धातू त्यांनाच मारतात. आणि आम्लाला जी गोष्ट तासांत जमते, तिला इथे दिवस लागतात. त्यामुळे ही पद्धत अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि छोट्या प्रकल्पांतच आहे.

तोवर कोणतीही पद्धत आली तरी तिच्यापर्यंत कचरा पोहोचला पाहिजे. कपाटातला जुना मोबाइल भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत संकलन केंद्रात दिला, तर त्यातले तांबे आणि सोने बंदिस्त टाकीत उतरेल, नदीत नाही.