पितळेच्या मानेची जाडी

काडतुसाची पितळी पुंगळी कारखान्यातून येते तेव्हा डोळ्याला अगदी गोल दिसते. पण गोळी जिथे बसते त्या मानेची जाडी मायक्रोमीटरने मोजली की एका अंगाला भिंत जाड आणि समोरच्या अंगाला पातळ निघते. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेल्या पितळेची चकती टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी लांबवतात. त्यात चकती दाबणारा पंच केसभर कलला, तरी तो फरक मानेपर्यंत उतरतो. अमेरिकेतले बेंचरेस्ट नेमबाज ही जाडी स्वतःच्या हाताने सारखी करतात. याला ते ‘नेक टर्निंग’ म्हणतात.

बेंचरेस्ट म्हणजे टेबलावर रायफल टेकवून, 100 किंवा 200 यार्डांवर पाच गोळ्या शक्य तितक्या एकाच भोकात घालण्याची स्पर्धा. तिच्यासाठी लू पाल्मिसानो हे डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हे टूलमेकर यांनी 1975च्या सुमारास 6 मिमी पीपीसी हे आखूड, जाडजूड काडतूस घडवलं. त्याची मूळ पुंगळी .220 रशियन या काडतुसाची. मान रुंदावून 6 मिमीची गोळी बसेल एवढी करायची आणि मग तासायची. इथे तासणं ही हौस नव्हे. या रायफलींची चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, मुद्दाम तंग कापतात. मानेला बहुतेकदा 0.262 इंच जागा असते. 0.243 इंचाच्या गोळीभोवती 0.0085 इंचाची भिंत ठेवली, तर भरलेल्या काडतुसाची मान 0.260 इंच भरते. चेंबरमध्ये त्याहून जाड मान बळेच दाबली, तर बार उडताना तिला फुगून गोळी सोडायला वाव राहत नाही आणि दाब धोकादायक चढतो.

हत्यार मुठीत मावतं. मानेच्या आत वंगण लावलेली पोलादी दांडी, बाहेरून बारीक पातं. पुंगळी सावकाश फिरवत पुढे सारायची. पहिल्या हलक्या कापातच सगळं उघडं पडतं: अर्ध्या मानेवर लखलखीत पट्टा, उरलेली अर्धी जशीच्या तशी मळकट. जिथे भिंत पातळ, तिथे पातं पोहोचलेलंच नसतं. मला या कामातला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. घाई केली तर घर्षणाने दांडी तापते, फुगते आणि माप सरकतं, म्हणून मध्ये थांबावं लागतं.

सैल चेंबरच्या शिकारी रायफलीसाठी एवढी खटपट करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पातळ केलेली मान दर बाराला जास्त फुगते, पुन्हा आवळावी लागते आणि लवकर तडकते.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात मान तासण्याचा प्रश्न उद्भवतच नाही. तिथे वापरतात त्या .22 रिमफायरच्या पुंगळीत स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. एकदा उडाली की ती पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. तिथले नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्याच रायफलीतून झाडून पाहतात आणि जो जमतो तो घेतात. बेंचरेस्टवाला मात्र तासलेल्या मोजक्या पुंगळ्या सामन्याच्या दिवशीही, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, मैदानावरच पुन्हा भरतो.