एका गिटारच्या आवाजाचा माग

हार्मोनियमचा आणि सतारीचा षड्ज एकाच पट्टीत लावला, तरी डोळे मिटून आपण दोन्ही वाद्ये ओळखतो. कंप्रता तीच असते. वेगळी असते ती नादाची जात. स्नेहसंमेलनात गिटार वाजवणारे विद्यार्थी हेच कोडे वेगळ्या शब्दांत घालतात : 'सूर बरोबर लागतात, मग आवाज आवडत्या वादकासारखा का येत नाही?' तसेच महागडे वाद्य घेतले की झाले, असे अनेकांना वाटते.

'क्वीन' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांचे उदाहरण पाहू. (याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकले होते.) 1963 साली सोळा वर्षांच्या ब्रायनला हवी ती गिटार परवडणारी नव्हती. वडिलांच्या मदतीने त्याने ती घरीच करायला घेतली. दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले, तर तारांचा ताण सांभाळायला जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंगा. काम सुमारे दोन वर्षे चालले. हीच ती 'रेड स्पेशल'.

तिचा आवाज पुन्हा निर्माण करायचा तर काय करावे लागेल? तारेपासून ध्वनिवर्धकापर्यंतची एकेक कडी तपासावी लागेल.

पहिली कडी तारेची. छेडलेली तार संपूर्ण लांबीने कंप पावते, तशीच दोन, तीन, चार भागांतही. त्यातून मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वर निघतात. त्यांचे प्रमाण म्हणजेच नादाची जात. प्रयोगशाळेतल्या सोनोमीटरची तार टोकाजवळ छेडा आणि बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून उचला. दुप्पट कंप्रतेचा स्वर ऐकू येईल. आता तार मध्यावरच छेडून मध्यावरच बोट टेकवा. आवाज जवळजवळ विझेल! ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू मध्यावर असतो, ते मध्यावर छेडल्यास निर्माणच होत नाहीत; उरलेले बोटाने थांबतात. म्हणजे तार कुठे छेडली याला महत्त्व आहे. कशाने छेडली यालाही आहे. मे प्लॅस्टिकच्या प्लेक्ट्रमऐवजी सहा पेनीचे जुने नाणे वापरतात. त्याच्या कडेच्या खाचांमुळे स्वराच्या सुरुवातीला किंचित खरखर येते.

दुसरी कडी पिकअपची. पिकअप म्हणजे चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. पिकअप ज्या जागी असेल, तिथलेच कंपन त्याला 'ऐकू' येते. रेड स्पेशलवर तीन पिकअप आहेत आणि प्रत्येकाला दोन बटणे : एक चालू-बंद करणारे, दुसरे जोडणी उलटी करणारे. शेजारचे दोन पिकअप परस्परविरुद्ध जोडले की बेरजेऐवजी वजाबाकी होते. मूळ स्वर दोघांनाही जवळपास सारखाच मिळत असल्याने तो क्षीण होतो. दोन जागी उलटसुलट हलणारे काही वरचे उपस्वर मात्र वाढतात. आवाज पातळ, नाकातला होतो.

तिसरी कडी प्रवर्धकाची. मे 'व्हॉक्स एसी-30' हा व्हॉल्व्हचा प्रवर्धक वापरतात आणि त्याआधी उच्च कंप्रता वाढवणारे छोटे मंडल जोडतात. प्रवर्धकाला क्षमतेबाहेर राबवले, की तरंगाचे माथे कापले जातात. अशा सपाट माथ्याच्या तरंगात मुळात नसलेले नवे उपस्वर असतात. रेडिओ ऐकताना ज्याला आपण दोष म्हणू, तोच इथे आवाजाचा प्राण ठरतो.

1990 च्या दशकात ग्रेग फ्रायर या ऑस्ट्रेलियन कारागिराने मे यांच्या परवानगीने मूळ गिटारची बारकाईने मापे घेऊन तीन प्रतिकृती केल्या. अर्थात, मापे घेता येतात ती वाद्याची. तार किती दाबायची, किती ओढायची, बोट कधी थरथरवायचे हे वादकाचा हात ठरवतो.

तेव्हा विद्यार्थ्याने महाग गिटारचा हट्ट धरला, तर त्याला आधी सोनोमीटरकडे न्यावे. ज्याची कारणे उलगडली, त्याचीच नक्कल साधते. आणि कारणे शोधायला फार पैसे लागत नाहीत, हे शेकोटीच्या लाकडाने केव्हाच दाखवून दिले आहे.