हजबंड म्हणजे फक्त नवरा नव्हे

अमेरिकेत एमएसला जायचं ठरलं की घरातल्या कुणाला तरी बॅरन्सच्या साडेतीन हजार शब्दांची यादी आठवते. ‘आम्ही पाठ केली होती, तूही कर.’ सल्ला प्रेमाचा, पण शिळा. ती यादी ज्यांच्यासाठी घोकली जायची, ते सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न जीआरई या प्रवेशपरीक्षेतून ऑगस्ट २०११ मध्येच गेले. आता परिच्छेद वाचायचा, संदर्भावरून गाळलेली जागा भरायची. एसएटीनेही २०१६ च्या फेरबदलात अनवट शब्दांचा हट्ट सोडला. शब्दसंग्रह लागतोच, पण वाक्यातला.

शब्द जितका विचित्र तितका अवघड, हा समज जास्त चिवट आहे. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये एका ट्वीटमध्ये ‘फॅरागो’ वापरला आणि भल्याभल्यांनी शब्दकोश उघडले. पण त्याचा अर्थ एकदा कळला, ‘नाही नाही त्या गोष्टींची खिचडी’, की विषय संपला. चकवा देतात ते शाळेपासून ओळखीचे शब्द. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा, पण उत्साह ‘फ्लॅग’ होतो तेव्हा तो मावळत असतो. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं, पण एखादं विधान ‘क्वालिफाय’ केलं म्हणजे त्याला मर्यादा घातली. ‘हजबंड’ क्रियापद झालं की अर्थ होतो काटकसरीने वापरणं. (यावर घरोघरी मतभेद संभवतात.) ‘सँक्शन’ तर मंजुरीही आणि निर्बंधही: बँकेने कर्ज ‘सँक्शन’ केलं की पेढे, अमेरिकेने एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादले की संकट. ओळखीचा शब्द कुणी कोशात बघत नाही, आणि गुण नेमके तिथेच जातात.

लॅटिन-ग्रीक मुळं शिकली की सगळे शब्द आपोआप उलगडतात, हे अर्धंच खरं. ‘बेने’ चांगलं आणि ‘मॅल’ वाईट, एवढ्यावर बरेच शब्द सुटतात, हे मान्य. पण ‘रेस्टिव’मध्ये ‘रेस्ट’ दिसतो आणि अर्थ निघतो अस्वस्थ, बेचैन. मुळात हा शब्द पुढे पाऊल टाकायला तयार नसलेल्या अडेल घोड्याचा. अडून बसण्याचा अर्थ सरकत सरकत चुळबुळीपर्यंत आला. ‘नॉइसम’ ऐकून गोंगाट आठवतो, पण तो शब्द दुर्गंधीचा. मुळावरून तर्क करावा, मग वाक्यात तो तपासावा.

आता पाठांतर. यादी पुन्हा पुन्हा वाचली की पक्की होते, असं वाटतं खरं. कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. त्यांचा लेख २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. एकदा जमलेला शब्द पुढे नुसता वाचत राहिलेल्यांना आठवड्याने जेमतेम एक तृतीयांश शब्द आठवले. अर्थ झाकून स्वतःची परीक्षा घेत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के. गंमत अशी की आपल्याला किती आठवेल, याचा दोन्ही गटांचा अंदाज जवळपास सारखाच होता. तेव्हा ‘मला वाचून येतं’ या भरवशावर राहू नये. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि एक वाक्य, एवढं भांडवल पुरतं.

आणि भारदस्त शब्दांनी छाप पडते म्हणावं, तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी तेही तपासलं. उच्च शिक्षणाच्या प्रवेशअर्जांतले निबंध घेऊन त्यांनी साध्या शब्दांच्या जागी कोशातले लांबलचक पर्याय घातले. जितके शब्द जड, तितकी वाचणाऱ्यांची प्रवेश देण्याची तयारी कमी. साहजिकच आहे, समानार्थी शब्द जिथे तिथे बसत नाहीत. पाऊस मुसळधार पडतो, घाम मुसळधार येत नाही. एसओपी, म्हणजे प्रवेशअर्जातला निबंध, लिहिताना थिसॉरस मिटून ठेवावा, हे उत्तम. ओपनहायमर यांनी स्वतःच्या शोधनिबंधाला मात्र मुद्दाम बोजड शब्दांनी ठासलेलं शीर्षक दिलं होतं. २००६ चं साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचं गमतीचं पारितोषिक, त्यांना मिळालं.