गाडी हळू होती, तरी मनगट गेलं

"सिस्टर, हाताला जरा पट्टी बांधून द्या ना. रात्रीची शिफ्ट आहे."

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गोरेगावच्या वस्तीतला तेवीस वर्षांचा मुलगा, पार्सल पोहोचवायचं काम करतो. फिल्म सिटी रोडवर रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याचं पुढचं चाक घसरलं. गाडीचा वेग जेमतेम दहा-पंधरा. पडताना उजवा हात पुढे टेकला. गाडीला ओरखडा नाही, अंगाला खरचटलेलं नाही. एका दवाखान्यात एक्स-रे निघाला, हाड मोडलेलं दिसलं नाही. मीही मनगट हलवून पाहिलं, सूज थोडीच होती. क्रेप बँडेज बांधलं आणि म्हणाले, "मुका मार आहे. आठ दिवसांत उतरेल." चौथ्या दिवशी तो पुन्हा गाडीवर होता.

तीन महिन्यांनी त्याला पाण्याची भरलेली बादली उचलवेना. पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मनगटातलं एक लहान हाड पहिल्याच दिवशी तडकलं होतं आणि इतक्या दिवसांत जुळलंच नव्हतं. ऑपरेशन झालं, कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन आत बसवला, वर स्क्रू. सगळे मिळून सात-आठ महिने कामाविना गेले. गाडीचे हप्ते थकले, बहिणीची फी राहिली.

जीएनएम करून सोळा वर्षं वॉर्डात काढलेली मी बाई. मला हे सुचायला हवं होतं. नोकरी सोडून वस्तीत आरोग्याचं काम करायला लागल्यावर माझ्या हातून झालेली ही मोठी चूक. दुसऱ्या कुणाच्या मुलाचं असं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

हळू पडणंही हाड मोडतं

अपघात म्हटला की आपल्याला हायवे आणि भरधाव गाडी आठवते. पण वस्तीतल्या मुलांच्या ज्या दुखापती मी पाहते, त्यातल्या पुष्कळशा हळू पडण्याच्या असतात. ओले पेव्हर ब्लॉक, आरेच्या रस्त्यावरच्या वळणांवर वाहून आलेला चिखल, गटाराचं झाकण, घाईत मारलेला यू-टर्न. पाठीवर जड बॅग असली की तोल आणखी लवकर जातो.

युरोपात रुजलेला मोटरसायकलचा 'ट्रायल्स' नावाचा एक खेळ आहे. १९७५ पासून त्याची जागतिक स्पर्धा होते. यात वेगाला किंमत नसते. दगडधोंडे, ओढे, ओंडके यांवरून माणूस चालावा इतक्या हळू गाडी न्यायची, तीही पाय जमिनीला न लावता. पाय टेकला की दंडाचा गुण. ज्याचे दंडाचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. हे खेळाडू सरावात दिवसभर पडत असतात, तेही अगदी कमी वेगात. तरी हेल्मेट, हातमोजे, गुडघा-नडगीची ढाल आणि घोटा झाकणारे बूट घातल्याशिवाय ते गाडीवर चढत नाहीत. इंजिनाच्या स्विचची दोरीसुद्धा मनगटाला बांधलेली असते. माणूस पडला की दोरी सुटते आणि गाडी बंद होते. पडणार हे त्यांनी धरूनच चाललेलं असतं. आपली मुलं पावसाळ्यात तोच खेळ रोज बारा-बारा तास खेळतात. पायात मात्र स्लीपर असते.

काय घ्यायचं, कोणत्या क्रमाने

सगळं एकदम घेणं कुणाला परवडत नाही. म्हणून क्रम सांगते.

पहिलं हेल्मेट. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात असं दिसलं आहे की हेल्मेटमुळे अपघातातला मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आयएसआयचं चिन्ह आणि त्यासोबत 'आयएस ४१५१' हा क्रमांक पाहूनच घ्या. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी फूटपाथवर टोपीसारखी हेल्मेट मिळतात. ती पोलिसाला दाखवण्यापुरती. हेल्मेट घालून डोकं हलवा. गालाची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणूस पडायच्या आधी उडून जातं. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि धक्का पितो. म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही, आणि कुणाचं जुनंही घ्यायचं नाही. मागे बसणाऱ्यालाही हेच सगळं लागू.

दुसरे हातमोजे. पडताना हात आपोआप पुढे जातो, तो थांबवता येत नाही. तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर कडक, गुळगुळीत पट्टी असलेले मोजे घ्या. हात जमिनीवर अडकून बसण्याऐवजी थोडा सरकतो आणि तळव्याची सालं निघत नाहीत. फार जाड नकोत. ब्रेकचा अंदाज बोटांना लागला पाहिजे.

तिसरे बूट, घोटा झाकणारे. गाडी पायावर पडते तेव्हा स्लीपर आधी निघून जाते. तळ झिजलेला नको, नाहीतर सिग्नलला पाय टेकताच घसरेल.

चौथं गुडघ्याचं गार्ड, पँटच्या आत बसणारं. कोपर आणि खांद्याला पॅड असलेलं जाळीदार जॅकेट त्यानंतर, जमेल तेव्हा. मोज्यांनी प्रत्येक फ्रॅक्चर टळतं असं नाही, हेही सांगायला हवं. मार कमी बसतो, एवढंच त्यांचं काम.

पडल्यावर पहिला तास

माणूस बेशुद्ध असेल, मानेत किंवा पाठीत दुखतंय म्हणत असेल तर त्याला ओढून उठवू नका. हेल्मेटही खेचून काढू नका. श्वासच अडला असेल तर मात्र दोघांनी मिळून काढायचं. एकाने मान दोन्ही हातांनी स्थिर धरायची. पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४-अ ने अशा माणसाला संरक्षण दिलं आहे.

डोक्याला मार असेल तर पुढचे २४ तास तरी त्याला एकटं झोपवू नका. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट, नाकाकानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं एकही दिसलं तर तडक मोठं रुग्णालय. आपल्याला जोगेश्वरी पूर्वेचं महापालिकेचं ट्रॉमा केअर रुग्णालय आणि जुहूचं कूपर जवळ आहेत.

खरचटलेल्या जागेवर नळाचं स्वच्छ पाणी दहा मिनिटं सोडा, माती-खडी निघू द्या. हळद, चुना, टूथपेस्ट काहीही भरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा. जखम मळकी असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर घ्या. पावसाळ्यात उघडी जखम घेऊन तुंबलेल्या पाण्यातून गेला असाल तर लेप्टोची भीती असते. ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जा. डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात.

तपकिरीच्या डबीवर बोट ठेवा

अंगठा ताठ वर करा. मनगटाशी, अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. वैद्यकीय पुस्तकात त्याला तपकिरीची डबी म्हणतात. हात टेकून पडल्यानंतर या खळग्यात दाबून दुखत असेल तर ते मुरगळणं समजू नका. आत स्कॅफॉइड नावाचं, होडीच्या आकाराचं लहान हाड असतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही. म्हणून एक्स-रे चांगला असला तरी दुखणाऱ्या मनगटाला फ्रॅक्चर समजूनच अंगठ्यासकट आधार द्यायचा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. लवकर कळायला हवं असेल तर एमआरआयमध्ये दिसतं. या हाडाला रक्त एका टोकाकडून येतं. मधोमध मोडलं की दुसऱ्या टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि तो तुकडा मरू शकतो. मी क्रेप बँडेज बांधलं तेव्हा नेमकं या खळग्यावर बोट ठेवून पाहिलं नव्हतं.

गुडघ्याचंही असंच. पडताना "कट्" असा आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा फुगला तर आतला लिगामेंट तुटल्याची शंका धरा. मालीश करून घेऊ नका. हाडवैद्याकडे जायची आपल्याकडे सवय आहे. पण एक्स-रेच्या आधी ओढाताण झाली तर साध्या चिरेचे दोन तुकडे होतात.

हाड किती दिवसांत जुळतं?

मोठ्या माणसाचं मनगट साधारण ६ ते ८ आठवडे, गळपट्टीचं हाड ६ ते १२ आठवडे, स्कॅफॉइड ८ ते १२ आठवडे, कधी त्याहून जास्त. लिगामेंटचं ऑपरेशन झालं तर पूर्ण जोराच्या कामाला नऊ महिने धरा. दुखायचं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नाही. डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन शिफ्ट करणारे खूप आहेत. गोळी दुखणं झाकते, हाड जोडत नाही. उपाशीपोटी रोज घेतली तर जठर आणि मूत्रपिंड दोन्हीला धोका.

प्लास्टर असताना हात छातीच्या वर ठेवा आणि मोकळी बोटं दर तासाला हलवा, नाहीतर ती आखडतात. बोटं निळी, गार, बधिर पडली किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता असलं तरी रुग्णालयात जाऊन प्लास्टर सैल करून घ्या. उशीर झाला तर स्नायू कायमचे मरतात.

विडी, सिगारेट, मावा, तंबाखू बंद. निकोटिनमुळे हाडाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि जुळायला वेळ लागतो. अंडी, डाळ, उसळ, दूध, नाचणीची भाकरी, सुकट, बोंबील, हे सगळं घरात मिळणारं खाणं पुरेसं आहे. पायाचं सूप प्यायला हरकत नाही, पण त्याने हाड लवकर जुळेल ही आशा नको.

प्लास्टर निघाल्यावरचा व्यायाम बहुतेक जण सोडून देतात, आणि तिथेच हात अर्धवट राहतो. कोमट पाण्यात मनगट वर-खाली, मग कणीक मळणं, मग ओलं फडकं पिळणं. दुखणं दुसऱ्या दिवशी वाढलं तर थोडं कमी करा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपी मिळते. दुखापत गंभीर असेल तर हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते आहे.

परत गाडीवर कधी?

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हो म्हटल्यावर या पाच गोष्टी करून पाहा:

१. भिंतीला दोन्ही तळवे टेकवून दहा दंड, न दुखता.
२. ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबून दहा सेकंद धरणं, दहा वेळा.
३. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणं.
४. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं राहणं.
५. गाडी स्वतः मेन स्टँडवर लावणं आणि उतरवणं.

एकही जमलं नाही तर अजून थांबा. पहिला आठवडा बॅगेशिवाय, दिवसा, जवळपास चालवा.

कागद जपा

थांबा म्हणणं सोपं आहे. रोजच्या कमाईवर घर चालतं तिथे थांबायचं कसं? कारखान्यातल्या कामगाराला ईएसआयमधून आजारपणात पैसे मिळतात. त्या विम्याचा आराखडा करण्याचं काम १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे सोपवलं गेलं, तेव्हा सरकारचे मजूर सदस्य बाबासाहेब होते. गाडीवरच्या आपल्या मुलांना कंपनी कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते, म्हणून ते या छत्राबाहेर राहतात. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगार' हा शब्द आला आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्यासाठी द्यावी अशी तरतूद आहे. ई-श्रमवर नोंद करून ठेवा. ॲपमध्ये अपघात विमा असेल तर तो कधी लागू होतो, किती दिवसांत कळवायचं, हे आजच वाचा, पडल्यावर नाही.

रस्ते अपघातग्रस्तांसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. त्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद हवी. आमच्या मुलाने ती केली नव्हती. "पडलो तर होतो फक्त," असं त्याचं म्हणणं. केसपेपर, एक्स-रे, औषधाच्या पावत्या, अपघाताच्या जागेचा फोटो आणि त्या वेळची ऑर्डर, एवढं एका पिशवीत जपा.

त्याच्या हातातली पकड आता पुष्कळ परत आली आहे. मनगट मागे पूर्ण वाकत नाही, ते वाकणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. गेल्या महिन्यात तो एका मित्राला घेऊन आला. पावसात पडलेला, हात पोटाशी धरलेला. मी काही विचारायच्या आत यानेच त्याचा अंगठा वर धरला, खळग्यात बोट दाबलं आणि म्हणाला, "सिस्टर, याला इथे दुखतंय. आज याला गाडी चालवू देऊ नका."