एक एकर गव्हाला पाणी किती?

शेताच्या पाण्याचा हिशेब पावसासारखाच मिलिमीटरमध्ये मांडतात. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी साचले, तर ते एक लिटर भरते. एकराचे क्षेत्र सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणून एकरभर रानात एक मिलिमीटर पाणी द्यायचे, तर ४,०४७ लिटर लागते.

पिकाची रोजची गरज हवा ठरवते. पानांतून वाफ होऊन जाणारे आणि मातीतून उडणारे पाणी मिळून ही गरज बनते. हवामान केंद्रावरच्या उघड्या बाष्पीभवन पात्रातले पाणी दिवसात ५ मिलिमीटर उतरले असे धरू. पात्रातले पाणी पिकापेक्षा जास्त उडते, म्हणून त्याला साधारण ०.७ ने गुणतात, उरते ३.५ मिलिमीटर. मग पीक गुणांक लावायचा. गहू लहान असताना तो कमी असतो, फुलोऱ्यात १.१५ पर्यंत चढतो. म्हणजे ऐन फुलोऱ्यात गव्हाला दिवसाला ४ मिलिमीटर, एकरी सुमारे १६,२०० लिटर पाणी हवे.

हे पाणी रोज द्यावे लागत नाही, कारण माती ते साठवते. मध्यम काळ्या जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असे साधारण १५० मिलिमीटर पाणी मावते. मुळांचा मुख्य पसारा ६० सेंटिमीटर धरला तर ९० मिलिमीटर. त्यातले निम्मे संपले की पाळी द्यायची, म्हणजे पिकाला ताण बसत नाही. ४५ मिलिमीटरला रोजच्या ४ ने भागले की ११ दिवसांची पाळी निघते. हलक्या, मुरमाड रानात साठा कमी, म्हणून पाणी थोडे आणि पाळ्या जवळजवळ. मधे पाऊस झाला, तर जमिनीत मुरलेला तेवढा वजा करायचा.

मोटेचे वा पंपाचे सगळे पाणी मुळांपर्यंत जात नाही. सारे पाडून मोकळे पाणी दिले, तर साधारण ६० टक्के कामी येते. बाकीचे पाटात झिरपते किंवा मुळांखाली उतरते. म्हणून ४५ ऐवजी ७५ मिलिमीटर, एकरी सुमारे ३ लाख लिटर सोडावे लागते. तुषार संचाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर ६० मिलिमीटर, म्हणजे सुमारे २ लाख ४३ हजार लिटर पुरते. एकाच पाळीत ६० हजार लिटर वाचतात.

शेवटी लिटरचे तास करायचे. २०० लिटरची टाकी पंपाच्या धारेखाली २० सेकंदांत भरली, तर पंप ताशी ३६ हजार लिटर देतो. मोकळ्या पाण्याला सुमारे साडेआठ तास लागतील, तुषारला त्याच प्रवाहाने पावणेसात.

हिशेबाचा पडताळा मातीत घ्यावा. वीतभर खोलीवरची मूठभर काळी माती दाबली आणि तिचा घट्ट गोळा झाला, तर ओल पुरेशी आहे. गोळा चटकन फुटू लागला, की पाळी जवळ आली.